बहुमत : कशाचे आणि कोणाचे?

(भिलाई-३ येथील मराठीभाषक कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



राजकीय व्यवहारात काही शब्द इतके रुळलेले असतात, की त्यांचा अर्थ विचारण्याची गरजच कोणाला भासत नाही. ‘बहुमत’ हा असाच एक शब्द आहे. सरकार बहुमताने बनते आणि बहुमत गमावल्याने पडते. संघटनेचा ठराव बहुमताने मंजूर होतो. युनियनला मान्यता मिळते तीही बहुमताच्याच नावाने. हा शब्द उच्चारला गेला की वाद संपला, असे गृहीत धरले जाते. वस्तुतः वादाला तेथूनच सुरुवात व्हावयास हवी. कशाचे बहुमत? कोणाचे बहुमत? आणि ते मोजले कोणी?

भिलाई-३ आणि चरोडा या परिसरात हे प्रश्न केवळ शास्त्रचर्चेचे राहत नाहीत. एका बाजूला रेल्वेचे विस्तीर्ण मार्शलिंग यार्ड व तेथील कामगारांच्या वसाहती, दुसऱ्या बाजूला पोलाद कारखान्यात जाणारा नियमित कामगार, आणि याच वस्त्यांतून दररोज पहाटे ठेकेदाराच्या कामावर निघणारा ठेका मजूर. नागपूर, भंडारा, गोंदिया या भागांतून लोहमार्गाच्या आधाराने येथे येऊन स्थायिक झालेली मराठी कुटुंबे या तिन्ही थरांत आहेत. एकाच घरातील एका भावाला युनियनच्या मान्यतेच्या निवडणुकीत मत असते आणि दुसऱ्याला ते नसते. म्हणूनच या शब्दाची नीट चिकित्सा येथे करणे अगत्याचे आहे.

शब्द एक, अर्थ अनेक

मराठीत ‘बहु’ म्हणजे पुष्कळ. त्यामुळे बहुमत या शब्दात दोन भिन्न कल्पनांची सरमिसळ सहज होते. पहिली कल्पना अर्ध्याहून अधिक मतांची. दुसरी कल्पना इतर कोणाहीपेक्षा जास्त मतांची. शंभर मतांपैकी एकाला चाळीस, दुसऱ्याला पस्तीस व तिसऱ्याला पंचवीस मते पडली, तर पहिला निवडून येतो. परंतु बहुमत त्याच्या बाजूने आहे, असे म्हणता येत नाही. साठ मते त्याच्याविरुद्ध गेलेली असतात. त्याला मिळाली ती ‘सर्वाधिक मते’. वर्तमानपत्रे ज्याला ‘मताधिक्य’ म्हणतात ती तिसरीच गोष्ट होय : पहिल्या व दुसऱ्या उमेदवारांच्या मतांमधील अंतर. येथे ते पाच आहे. विजयी उमेदवार मात्र मिरवणुकीत तिन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतो.

देशाच्या संसदीय इतिहासात या सरमिसळीचे परिणाम मोठे आहेत. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत काँग्रेसला सुमारे ४५ टक्के मते आणि लोकसभेच्या ४८९ जागांपैकी ३६४ जागा मिळाल्या. २०१४ साली भारतीय जनता पक्षाला सुमारे ३१ टक्के मते आणि ५४३ पैकी २८२ जागा मिळाल्या. पहिल्या निवडणुकीपासून एकाही पक्षाला स्वबळावर झालेल्या मतदानाच्या निम्मी मते मिळालेली नाहीत. जागांचे बहुमत अनेकांना मिळाले, मतांचे एकालाही नाही.

या पद्धतीचा लाभ फक्त सत्ताधाऱ्यांनाच झाला, असेही म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्याच पहिल्या निवडणुकीत समाजवादी पक्षाला दहा टक्क्यांहून अधिक मते मिळूनही जागा मिळाल्या बारा; कम्युनिस्ट पक्षाला साडेतीन टक्क्यांहूनही कमी मतांत सोळा मिळाल्या. मते कोठे एकवटलेली आहेत, यावर हा खेळ चालतो. हिशेब मांडताना तो सर्वांच्या बाबतीत सारखाच मांडला पाहिजे.

छेद कोणता?

बहुमत हा मूलतः एक अपूर्णांक आहे. वर अंश, खाली छेद. सभेत साऱ्यांचे लक्ष अंशाकडे असते : किती हात वर झाले? परंतु निर्णय पुष्कळदा छेदावर ठरतो : कितींपैकी? हजर असलेल्यांपैकी, मत देणाऱ्यांपैकी, की यादीत नाव असलेल्या सर्वांपैकी?

महाराष्ट्रातील ‘आडव्या बाटली’चे उदाहरण या दृष्टीने अत्यंत बोलके आहे. गावातील दारूचे दुकान बंद व्हावे की नाही, यावर तेथे स्त्रियांचे गुप्त मतदान घेतले जाते. उभी बाटली म्हणजे दुकान राहावे, आडवी म्हणजे बंद व्हावे. मात्र दुकान बंद होण्यासाठी, झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर यादीतील एकूण स्त्री मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. समजा, गावात एक हजार स्त्री मतदार आहेत. सहाशे जणी मतदानाला आल्या. त्यांतील ४८० जणींनी बाटली आडवी केली, १२० जणींनी उभी ठेवली. मत देणाऱ्यांपैकी दर पाच जणींत चौघी दुकानाविरुद्ध आहेत; तरीही दुकान चालूच राहते. कारण पाचशेहून अधिक मते हवी होती. मजुरीसाठी परगावी गेलेली, आजारी असलेली, घरच्यांनी जाऊ न दिलेली, इतकेच नव्हे तर मरण पावूनही यादीत राहिलेली स्त्री, या सर्वजणी दारूविक्रेत्याच्या बाजूने मोजल्या जातात. छेद वाढविला की गैरहजेरी हेच एक मत होऊन बसते, आणि ते नेहमी चालू व्यवस्थेच्या पारड्यात पडते.

सभागृहातील हिशेब

राज्यघटनेने या बाबतीत एकच मोजमाप सर्वत्र वापरलेले नाही. संसदेतील सामान्य प्रश्न हजर राहून मतदान करणाऱ्यांच्या बहुमताने सुटतात. पीठासीन अध्यक्ष प्रथम मत देत नाही. मते समसमान पडली तरच निर्णायक मत देतो. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० असे एका मताने पडले ते याच हिशेबाने. लोकसभेच्या अध्यक्षाला पदावरून दूर करावयाचे तर सभागृहाच्या त्या वेळच्या सर्व सदस्यांचे बहुमत लागते. तेथे गैरहजर सदस्यही छेदात येतो.

घटनादुरुस्तीला दुहेरी कसोटी आहे : सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचे बहुमत, आणि शिवाय हजर राहून मतदान करणाऱ्यांचे दोन-तृतीयांश. ५४३ सदस्यांच्या लोकसभेत चारशेजणांनी मतदान केले, तर दोन-तृतीयांश म्हणजे २६७ मते होतात. पण तेवढ्याने भागत नाही. एकूण सदस्यसंख्येचे बहुमत म्हणून २७२ मते लागतातच.

या कसोटीचा सर्वांत विलक्षण प्रसंग १९७० सालचा. संस्थानिकांचे तनखे रद्द करणारे घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेने मंजूर केले आणि ते सप्टेंबरमध्ये राज्यसभेपुढे आले. बाजूने १४९, विरुद्ध ७५. म्हणजे जवळजवळ दुप्पट मते. परंतु २२४ चे दोन-तृतीयांश होतात १४९ पूर्णांक एक-तृतीयांश. एका मताच्याही तिसऱ्या हिश्शाने विधेयक पडले! माजी राजेरजवाड्यांचे तनखे तेव्हा वाचले. पुढे १९७१ साली सव्विसाव्या घटनादुरुस्तीने ते रद्द झाले. असाधारण बहुमताची अट अल्पसंख्याकांच्या संरक्षणार्थ असते, हे खरे. पण कोणत्या अल्पसंख्याकांच्या, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. मूठभर विशेषाधिकारवाल्यांनाही तिचा आश्रय घेता येतो.

‘बहुमतवाले’ हे नाव कसे पडले?

कम्युनिस्ट चळवळीच्या इतिहासात तर या शब्दाला आगळेच स्थान आहे. ‘बोल्शेविक’ या रशियन शब्दाचा सरळ अर्थच ‘बहुमतवाले’ असा होतो. हे नाव १९०३ सालच्या रशियन सामाजिक-लोकशाही मजूर पक्षाच्या दुसऱ्या काँग्रेसमधून आले. तिचे कामकाज ब्रुसेल्समध्ये सुरू झाले व लंडनमध्ये संपले. तेथे एकूण मते होती ५१. पक्षाचा सभासद कोणाला म्हणावे, या नियमावरील मतदानात लेनिनचा मसुदा पडला आणि मार्तोवचा २८ विरुद्ध २२ मतांनी मंजूर झाला. एक मत तटस्थ राहिले. म्हणजे ज्या प्रश्नावरून फूट पडली, त्या प्रश्नावर ‘बहुमतवाले’ अल्पमतात होते!

त्यानंतर ‘बुंद’ या ज्यू कामगारांच्या संघटनेचे पाच प्रतिनिधी आणि ‘अर्थवादी’ गटाचे दोन प्रतिनिधी काँग्रेस सोडून गेले. उरलेल्या ४४ मतांपैकी २४ लेनिनच्या बाजूची होती, २० विरुद्ध. मुखपत्राचे संपादक मंडळ व मध्यवर्ती समिती यांच्या निवडणुका या बहुमताने झाल्या आणि नावे कायमची चिकटली. पुढे १९०६ सालच्या स्टॉकहोम काँग्रेसमध्ये ‘अल्पमतवाले’ म्हणजे मेन्शेविक बहुसंख्य होते. पण नावे बदलली नाहीत.

यावरून दोन गोष्टी ध्यानात घ्यावयाच्या आहेत. पहिली : सभागृह सोडून जाणारा आपला विरोध नोंदवून जातो खरा, परंतु त्याच पावली तो छेदही बदलून जातो. दुसरी : एका दिवशीचे बहुमत हा कायमचा दाखला नव्हे. १९०३ च्या चोवीस मतांवर कोणी १९१७ ची क्रांती केली नाही. मधल्या चौदा वर्षांत कारखान्याकारखान्यांतून जे मन वळविले गेले, त्यातून ते नाव सार्थ झाले.

पावतीचे बहुमत आणि मताचे बहुमत

कामगारवर्गाच्या दृष्टीने या साऱ्या चर्चेचा गाभा युनियनच्या मान्यतेच्या प्रश्नात आहे. मालकाशी बोलणी करण्याचा अधिकार कोणाला? उत्तर सोपे भासते : ज्या संघटनेमागे बहुसंख्य कामगार आहेत तिला. कायद्याने मात्र हे उत्तर फार वेगळ्या रीतीने दिले.

मुंबईच्या १९४६ सालच्या औद्योगिक संबंध कायद्यानुसार स्थानिक क्षेत्रातील एखाद्या उद्योगात पंचवीस टक्के कामगार सभासद असलेली संघटना ‘प्रातिनिधिक’ ठरू शकत असे. मध्यप्रदेशनेही १९६० साली याच धर्तीचा कायदा केला. महाराष्ट्राच्या १९७१ सालच्या कामगार संघटना मान्यता कायद्याने पन्नास वा अधिक कामगारांच्या आस्थापनांसाठी सहा महिने सलग तीस टक्के सभासदत्वाची अट घातली. या सर्व व्यवस्थेत कामगाराचे मत विचारले जात नाही. मोजली जाते ती वर्गणीची पावती. एकदा मान्यता मिळाली, की पंचवीस वा तीस टक्क्यांची संघटना शंभर टक्क्यांच्या वतीने करार करण्यास मोकळी होते.

याचे परिणाम मुंबईच्या गिरणी कामगाराने भोगले. १८ जानेवारी १९८२ पासून सुमारे अडीच लाख कामगार दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले. औद्योगिक संबंध कायदा रद्द करा, ही त्यांच्या मागण्यांपैकी एक होती. कायद्याच्या कागदावर प्रतिनिधी होता राष्ट्रीय मिल मजदूर संघ. गिरण्यांच्या दारांवर, चाळींत व मैदानांवरील सभांत कामगार कोणामागे आहे, हे साऱ्या शहराला दिसत होते. तरीही सरकार व मालक ‘मान्यताप्राप्त’ संघटनेपलीकडे बोलावयास तयार झाले नाहीत. संपाच्या अपयशाची इतरही कारणे होती आणि नेतृत्वाच्या चुकाही होत्या. परंतु अडीच लाख माणसांचा कौल मोजण्याचे साधनच कायद्यात नव्हते, ही गोष्ट विसरून चालणार नाही.

म्हणूनच आयटकसारख्या संघटनांनी दीर्घकाळ गुप्त मतदानाची मागणी लावून धरली. मालकाच्या देखत हात वर करणे आणि पडद्याआड शिक्का मारणे यांत किती अंतर आहे, हे कामगाराला शिकविण्याची गरज नसते. रेल्वेत मान्यतेसाठी गुप्त मतदान प्रथम २००७ साली झाले, नंतर २०१३ साली आणि त्यानंतर डिसेंबर २०२४ मध्ये. भिलाईच्या पोलाद कारखान्यातही मान्यतेच्या निवडणुका झाल्या. हे पाऊल निश्चितच पुढचे आहे.

तथापि येथेही छेद तपासलाच पाहिजे. रेल्वेत मान्यतेसाठी एकूण मतदारांच्या तीस टक्के किंवा झालेल्या मतदानाच्या पस्तीस टक्के अशी कसोटी ठेवली गेली. हजार मतदारांपैकी आठशे जणांनी मत दिले, तर २८० मते मिळवणारी संघटना मान्य होऊ शकते. हे बहुमत नव्हे. त्यात बेकायदेशीर काही नाही. परंतु अशा रीतीने मान्य झालेल्या संघटनेने उरलेल्या ७२० जणांना जाब देणे हे आपले कर्तव्य मानावे की नाही, हा प्रश्न राहतोच.

यादीबाहेरचा कामगार

याहून मूलभूत प्रश्न यादीचा आहे. भिलाईत गेल्या चार दशकांत नियमित कामगारांची संख्या निम्म्याहूनही खाली आली आणि पूर्वी त्यांनी केलेली कितीतरी कामे ठेकेदारांकडे गेली. भट्टीजवळ तोच धग सोसणारा, तीच धूळ खाणारा ठेका मजूर मान्यतेच्या मतदारयादीत नाही. तेव्हा मतपेटी कितीही प्रामाणिकपणे उघडली, मते कितीही काटेकोरपणे मोजली, तरी निघणारे ‘कामगारांचे बहुमत’ हे यादीत असलेल्या कामगारांचे बहुमत असते.

याची किंमत काय पडते, हे दल्ली-राजहराने पन्नास वर्षांपूर्वीच दाखविले. भिलाईच्या भट्ट्यांना लोहखनिज पुरविणाऱ्या त्या खाणींत १९७७ साली प्रस्थापित संघटनांनी बोनसचा करार केला. त्यात नियमित व ठेका कामगार यांच्यात उघड भेद होता. हजारो ठेका मजूर त्या संघटनांतून बाहेर पडले आणि शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी स्वतःची संघटना उभारली. जूनमध्ये झालेल्या पोलिसांच्या गोळीबारात अकरा माणसांचे बळी गेले. पुढे भिलाईतील उद्योगांच्या ठेका कामगारांचा लढा चालवीत असताना २८ सप्टेंबर १९९१ रोजी नियोगी यांचा खून झाला. त्यांच्या राजकारणाविषयी मतभेद असू शकतात. परंतु ज्या संघटनांतून ते मजूर बाहेर पडले, त्यांत लाल बावट्याखालील संघटनाही होती, हे सत्य आत्मपरीक्षणाची वेळ आली की झाकून ठेवता येणार नाही. त्या कराराला यादीतल्यांचे बहुमत असेलही. ज्यांच्या घामाचा तो करार होता, त्यांतील मोठा हिस्सा मोजलाच गेला नव्हता.

नव्या संहितेतील ५१ आणि ५०

२०२० सालची औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. एकाहून अधिक संघटना असतील तेथे आस्थापनेच्या हजेरीपटावरील कामगारांपैकी ५१ टक्के वा अधिक ज्या संघटनेमागे आहेत, ती एकमेव वाटाघाटी करणारी संघटना होईल. कोणालाच तेवढे पाठबळ नसेल, तर किमान वीस टक्के पाठिंबा असलेल्या संघटनांची वाटाघाटी परिषद बनेल, अशी तिच्यात तरतूद आहे. पंचवीस टक्क्यांच्या जुन्या मक्तेदारीपेक्षा हे बरे, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु बारकाईने पाहावे. ‘निम्म्याहून एक अधिक’ आणि ‘५१ टक्के’ या गोष्टी एक नव्हेत. हजार कामगारांत बहुमत होते ५०१ ने. संहितेला लागतात ५१०. शिवाय छेद आहे हजेरीपट. आणि ठेका मजुराचे नाव असते ठेकेदाराच्या पटावर.

दुसऱ्या टोकाला हीच संहिता म्हणते, की एखाद्या उद्योगातील पन्नास टक्के वा अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली, तर तो संप समजला जाईल. म्हणजे बोलणी करण्याचा एकहाती अधिकार मिळण्यास ५१ टक्के हवेत, आणि कारवाईस पात्र होण्यास पन्नास पुरे! ब्रिटनमध्येही २०१६ साली केलेल्या कायद्याने संपाच्या मतदानात किमान निम्म्या मतदारांनी भाग घेतलाच पाहिजे, अशी अट घातली. त्या देशात खासदाराच्या निवडणुकीला अशी अट कधी लावली गेली नाही. शासनकर्त्यांना छेदाचे महत्त्व पक्के ठाऊक असते.

स्वतःच्या सभेत

हा सारा हिशेब दुसऱ्यांना विचारण्याआधी कार्यकर्त्याने तो स्वतःच्या सभेत मांडावयास हवा. लोकशाही केंद्रीकरणाच्या तत्त्वानुसार अल्पमत बहुमताच्या निर्णयानुसार वागते. या शिस्तीला नैतिक बळ तेव्हाच असते, जेव्हा निर्णय खरोखर बहुमताने झालेला असतो. सभेची सूचना सर्वांना वेळेवर पोहोचली होती काय? गणसंख्या पुरी होती काय? रात्रपाळीचे सभासद कामावर असताना मुद्दाम सभा ठेवली गेली नाही ना? ‘सर्वानुमते’ असे इतिवृत्तात लिहिण्यापूर्वी विरुद्ध कोण, तटस्थ कोण, हे विचारले गेले काय? गप्प बसलेल्याला अनुकूल धरण्याची सवय सोयीची असते. पण पुढच्या मोर्चाच्या दिवशी तो गप्प बसलेला माणूस घरीच राहतो, आणि तेव्हा खरे मत कळते.

तेव्हा कामे स्पष्ट आहेत. मान्यतेच्या प्रत्येक निवडणुकीत मतदारयादी आधी वाचावी, जाहीरनामा मागाहून. ठेका कामगारांना प्रतिनिधित्वाच्या गणनेत स्थान मिळावे, ही मागणी नियमित कामगारांच्या मागणीपत्रकात वरच्या क्रमांकावर असावी. पावतीऐवजी गुप्त मतदान, हा आग्रह सोडू नये. करार करण्यापूर्वी त्याचा मसुदा सर्व कामगारांपुढे ठेवावा, सभासदांपुढेच नव्हे. आणि प्रत्येक इतिवृत्तात बाजूची, विरुद्धची व तटस्थ मते आकड्यांनी नोंदवावीत.

भिलाई-३ च्या एकाच अंगणात राहणाऱ्या दोन भावांपैकी एकाचे नाव यादीत आहे आणि दुसऱ्याचे नाही, तोवर ‘कामगारांचे बहुमत’ हे शब्द जपून वापरावे लागतील. दुसऱ्या भावाचे नाव त्या यादीत आणणे हे काम आजच्या घटकेला मते मिळविण्याइतकेच महत्त्वाचे आहे, आणि ते निवडणूक जाहीर होण्याची वाट न पाहता सुरू करावयाचे आहे.